मॅच बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

मागच्या वेळी मॅच अ‍ॅनालिसिसवर जाताजाता दोन ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा ढीगच आला. त्यातले निम्मे 'कुठलं सॉफ्टवेअर घेऊ' या जातीचे आहेत, त्या सगळ्यांना एकच उत्तर, आधी वही घ्या. उरलेल्यातले काही निवडलेत, लांब होते ते थोडे कापलेत.

प्रश्न : मी मुलींच्या कबड्डी टीमचा कोच आहे. प्रत्येक मॅच मोबाइलवर शूट करतो, आता फोनमध्ये जागा उरली नाही पण ते व्हिडिओ शेवटपर्यंत कधीच बघून होत नाहीत. बघायला बसलो की चुकाच चुका दिसतात आणि डोकं फिरतं. आमच्या कॉर्नरच्या (दोन्ही टोकांच्या) मुली अँकल होल्डला, म्हणजे रेडरचा घोटा पकडायला, जातात, पकड बसते पण सुटते, हे मात्र कळतं. सुरुवात कुठून करू?

सर, सुरुवात तुम्ही केलेलीच आहे, शेवटच्या आधीच्या वाक्यात. हातात प्रश्न न घेता व्हिडिओ बघायला बसलं की आपण फक्त तीच मॅच दुसऱ्यांदा हरतो. तुमचा प्रश्न आहे, 'पकड बसते पण सुटते, का?' बस, तेवढाच घ्या. आपल्या रेडरचं काय झालं, रेफरीने लॉबी दिली की नाही, सगळं सोडून द्या, फक्त समोरच्या टीमच्या रेड बघा आणि त्यातल्याही ज्यात आपली कॉर्नर पायाला गेली तेवढ्याच. चाळीस मिनिटांची मॅच असली तरी तुमच्या कामाचा भाग आठ-दहा मिनिटांचाच निघेल.

आता वहीत प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या. मॅटवर आपल्या किती जणी होत्या, डावी कॉर्नर गेली की उजवी, रेडर त्या क्षणी काय करत होती (बोनसला, म्हणजे जादा पॉइंटसाठी बोनस रेषेपलीकडे, पाय टाकत होती, हात मारत होती की परत वळली होती), आणि पकड बसल्यापासून दुसरी मुलगी येईपर्यंत किती वेळ गेला. शेवटचं घड्याळाने मोजायची गरज नाही, स्लो करून बघा आणि मनात 'एक' म्हणा, 'एक' म्हणून व्हायच्या आत कव्हर (मदतीला येणारी ती दुसरी मुलगी) पोचली की नाही, हो किंवा नाही एवढंच लिहा.

मॅटवर किती जणी, हे का लिहायचं ते सांगतो, कारण बरेच जण हाच कॉलम गाळतात. सहा किंवा सात डिफेंडर असतील तरच बोनस मिळतो, त्यामुळे रेडर आत येते, आणि बोनस घेताना मागचा पाय हवेत असावा लागतो म्हणजे सगळं वजन पुढच्या एकाच पायावर, कॉर्नरने जायचं तर तेव्हा. पाच जणी उरल्या की बोनस नाही, रेडर तेवढी आत येतच नाही, मग तीच कॉर्नर तिच्या ओढीने पुढे झेप घेते, पाय लांबून पकडते आणि हात निसटतो. व्हिडिओत दोन्ही 'अँकल होल्ड फेल' म्हणूनच दिसतात पण दोन्हीचं औषध वेगळं आहे. तसंच डू-ऑर-डाय रेड वेगळ्या मोजा. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात पॉइंट आणावाच लागतो, नाहीतर रेडर आउट, म्हणजे रेडचे तीस सेकंद आपल्या बाजूने पळतायत, घाई तिला आहे, आणि तरी आपल्याच मुली आधी उडी मारतात का हे बघा. मी तरी असल्या उड्या खूप बघितल्यात.

तीन-चार मॅचचं असं लिहून झालं की चित्र दिसायला लागेल, एका मॅचवरून निकाल लावू नका, एका मॅचमध्ये एकेका कॉर्नरच्या पाच-सहाच पकडी असतात. माझा अंदाज विचाराल तर पकड ठीक असेल आणि मदत उशिरा येत असेल, पण अंदाज चुकीचा निघाला तर वहीवर विश्वास ठेवा, माझ्यावर नको.

आणि मग प्रॅक्टिस. 'पकड सुधारा गं' असं ओरडून काही होत नाही. कव्हर उशिरा येते असं निघालं तर अर्ध्या मॅटवर फक्त तिघी उभ्या करा, रेडर, कॉर्नर आणि कव्हर. रेडरने बोनसचा प्रयत्न करायचाच, आणि कव्हरने रेडरकडे नाही तर कॉर्नरच्या खांद्याकडे बघत थांबायचं, खांदा खाली गेला की निघायचं. दहापैकी किती वेळा ती रेडर वळायच्या आत पोचली हे एखाद्या मुलीलाच मोजायला लावा. दोन आठवडे हे केलंत की पुन्हा तीन मॅच, तेच चार कॉलम. आकडा हलला नाही तर ड्रिल चुकलं, मुली नाही.

प्रश्न : आमचे कोच तीस वर्षं खेळात आहेत, ते म्हणतात मला सगळं लक्षात राहतं, लिहायची गरज नाही. त्यांना काय सांगू?

काही सांगू नका, मॅच संपल्यावर त्यांना विचारा, पहिल्या हाफमध्ये आपण बॉल कुठे कुठे घालवला? आणि मग व्हिडिओ लावा. फ्रँक्स आणि मिलर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये फुटबॉल कोचवर नेमकं हेच केलं होतं, मॅच दाखवली आणि मग महत्त्वाच्या घटना आठवायला सांगितल्या, तर कोचना निम्म्याही नीट सांगता आल्या नाहीत. यात त्यांचा कमीपणा नाही, माणसाचं डोकंच तसं आहे, गोल लक्षात राहतो, वाद झालेली शिट्टी लक्षात राहते, शेवटची पाच मिनिटं लक्षात राहतात, आणि मधल्या पंचवीस मिनिटांत डाव्या बाजूने बॉल सतत जात होता हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. तीस वर्षांचा अनुभव लागतोच, पण तो काय मोजायचं हे ठरवायला. मोजायचं काम बाकावर बसलेला पोरगाही करेल.

प्रश्न : मी व्हॉलीबॉल टीमची कॅप्टन आहे. सेटमध्ये आम्ही चांगल्या चाललेल्या असतो आणि मधेच सलग पाच-सहा पॉइंट जातात. सर म्हणतात रिसीव्ह खराब आहे, रोज एक तास रिसीव्हच करून घेतात. मला वाटतं प्रॉब्लेम दुसरा आहे पण नीट सांगता येत नाही.

तुझी शंका बरोबर असू शकते, सरांची पण असू शकते, आणि व्हॉलीबॉलवाले या बाबतीत नशीबवान आहेत कारण त्यांचा खेळ आधीच सहा तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. सहा रोटेशन, म्हणजे खेळाडू फिरत जातात तशा जागांच्या सहा मांडण्या. सलग पॉइंट जातात म्हणजे काय, तर समोरची सर्व्हिस करतेय आणि आपल्याला साइड-आउट (त्यांच्या सर्व्हिसवर आपला पॉइंट) मिळत नाहीये, आणि साइड-आउट मिळत नाही तोवर आपण फिरत नाही, म्हणजे ते पाच-सहा पॉइंट सगळे एकाच रोटेशनमध्ये गेलेत. कुठल्या? हे तुला आत्ता सांगता येईल का? नाही ना. तिथून सुरू कर.

एक कागद, सहा आडव्या रांगा, सेटर (मारणारीला बॉल उचलून देणारी) कुठल्या जागेवर उभी आहे त्यावरून नावं द्यायची, सेटर १ वर, सेटर ६ वर, असं. समोरच्यांची सर्व्हिस आली की दोनच गोष्टी लिहायच्या, रिसीव्ह कसा झाला आणि पॉइंट कुणाला गेला. रिसीव्हला ० ते ३ गुण. ३ म्हणजे सेटर जागेवर उभी आहे आणि कुणालाही बॉल देऊ शकते. २ म्हणजे थोडं हलावं लागलं, मिडलला (मधून मारणारीला) देणं गेलं. १ म्हणजे कसाबसा उंच बॉल बाहेर टाकण्याशिवाय पर्याय नाही. ० म्हणजे सरळ एस, सर्व्हिसवरच पॉइंट गेला. पहिल्या दिवशी २ की ३ यावर वाद होईल, होऊ दे, एकाच मुलीने सगळ्या मॅच लिहिल्या की चूक असली तरी सारखीच चूक राहते आणि तुलना करता येते.

आता समजा असं निघालं की सेटर पुढच्या रांगेत असताना, धरूया ३ वर, रिसीव्ह चांगले २-३ चेच आहेत आणि तरी पॉइंट जातायत. म्हणजे रोजचा तो एक तास रिसीव्ह योग्य जागी पडत नाहीये, कारण दुखणं पासनंतरचं, म्हणजे रिसीव्हनंतरचं, आहे. सेटर पुढे असली की पुढच्या रांगेत मारणाऱ्या दोनच उरतात, समोरच्या ब्लॉकला ते दिसतं, त्या आरामात जाऊन उभ्या राहतात. तिथे मागच्या रांगेतून एखादी अटॅक करू शकते का, सेटर दुसऱ्या बॉलवर टिप टाकते का, मिडल खरंच धावतेय की फक्त हात वर करतेय, हे बघायला लागेल. उलट निघालं, की त्या रोटेशनमध्ये पासच ० आणि १ चे आहेत, तर सर बरोबर आहेत, फक्त एवढंच की बारा जणींनी तासभर रिसीव्ह करण्यापेक्षा त्या रोटेशनमधल्या ज्या दोघींच्या मधल्या जागेत बॉल पडतोय त्या दोघींनी आणि लिबेरोने (फक्त मागे राहून बॉल उचलणारीने) करावा.

यातून एक फुकटचा फायदाही होतो, तो लोक विसरतात. प्रत्येक सेटला नवी लाइन-अप स्लिप देता येते. सगळ्यात कच्चं रोटेशन कुठलं हे कळलं की ते सेटमध्ये शक्य तितक्या उशिरा येईल अशी सुरुवात करता येते. प्रॅक्टिस न करता मिळालेले दोन पॉइंट!

आणि सरांशी बोलताना 'सर तुमचं चुकतंय' असं नको. कागद ने, म्हण 'सर हे बघा ना, इथे काय होतंय ते मला कळत नाहीये'. बाकी तेच बोलतील.

प्रश्न : मी हॉकीत डिफेन्सला खेळतो, वय १७. मॅच झाली की सगळ्यांसमोर व्हिडिओ लावतात आणि माझ्या चुका दोन-दोनदा रिवाइंड करून दाखवतात. आता बॉल आला की मला तो पडदाच आठवतो, सेफ पास देतो आणि मोकळा होतो. काय करू?

मित्रा, याची थोडी माफी मीच मागतो, कारण मीही हे केलंय. पहिल्यांदा टीमसाठी क्लिप कापायला बसलो तेव्हा हौसेने ४६ क्लिप केल्या, सगळ्या चुकांच्या, आणि एका बैठकीत दाखवल्या. वीस मिनिटांनी मागची रांग पेंगत होती आणि पुढच्या रांगेतला एक पोरगा पडद्याकडे न बघता स्टिकची ग्रिप सोलत बसला होता. पुढच्या मॅचला तो पोरगा अगदी तुझ्यासारखा खेळला, बॉल आला की लगेच देऊन टाकायचा. आकड्यात त्याचे पास जास्त अचूक झाले, बरं का. मी तर खूश झालो होतो! मग लक्षात आलं की त्याने पुढे एकही पास दिलेला नाही.

तू एवढं कर, कोचना मॅचआधीच विचार की या मॅचमध्ये मी एक गोष्ट कुठली सुधारू, आणि मला त्याच गोष्टीच्या क्लिप द्याल का, चुकलेल्या पण आणि जमलेल्या पण. बहुतेक कोच यावर चिडत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. क्लिप मिळाली की बॉलच्या आधीची पाच सेकंद बघ. तू टॅकलमध्ये फसलास हे सगळ्यांना दिसतं, पण त्याआधी तू खांद्यावरून मागे बघितलं होतंस का, मधल्या फळीतला तुझा माणूस कुठे होता, हे तुलाच शोधायचंय, आणि गंमत म्हणजे निम्म्या वेळा चूक तुझ्या दहा मीटर पुढे आधीच झालेली असते.

हे कोच लोक वाचत असतील तर, एका बैठकीत सहा-सात क्लिप पुरे, पंधरा मिनिटांच्या वर नाही, आणि बोलायचं काम खेळाडूंना द्या. वैयक्तिक चूक वैयक्तिक दाखवा.

प्रश्न : आमच्या टीमकडे फुटबॉलमध्ये ६०-६५ टक्के बॉल असतो आणि आम्ही हरतो. मग हे आकडे बोगस नाहीत का?

आकडा बोगस नाही हो, प्रश्न बोगस आहे. १ डिसेंबर २०२२ ला वर्ल्ड कपमध्ये जपानने स्पेनला २-१ हरवलं तेव्हा जपानकडे बॉल १८ टक्क्यांच्या आसपास होता. २०१४ च्या सेमीफायनलला ब्राझील जर्मनीकडून ७-१ ने हरलं, त्या मॅचमध्ये शॉट ब्राझीलचे जास्त होते. बॉल किती वेळ होता यापेक्षा कुठे होता, आणि समोरची टीम जागेवर बसलेली असताना होता की विस्कटलेली असताना, हे मोजा. सेंटर बॅक (मधले बचावपटू) आपापसात चाळीस पास देऊनही ६५ टक्के होतात.

पण नीट मोजूनही माणूस फसतो, त्याचा एक जुना किस्सा सांगायलाच हवा. चार्ल्स रीप नावाचे इंग्लंडच्या हवाई दलातले अकाउंटंट होते, १९५० च्या मार्चमध्ये स्विंडन टाउनच्या मॅचला बसले होते आणि पहिल्या हाफमध्ये टीमचं तेच ते बघून वैतागले, दुसऱ्या हाफला वही-पेन्सिल काढून प्रत्येक हल्ला लिहायला लागले आणि पुढे कित्येक वर्षं लिहीतच राहिले. त्यांना दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात. झालं, यावरून लांब बॉल मारा, पास कमी करा, असा अर्थ निघाला आणि बऱ्याच कोचनी तो डोक्यावर घेतला. आता यात गोम कुठे आहे? फुटबॉलमध्ये बॉल ताब्यात आल्यावर बहुतेक वेळा तीन पासच्या आतच जातो. म्हणजे गोल काय, थ्रो-इन काय, चुका काय, सगळंच कमी पासमध्ये जास्त होणार. ह्यूज आणि फ्रँक्स यांनी २००५ मध्ये हाच हिशेब वर्ल्ड कपच्या मॅचवर नीट करून बघितला, म्हणजे किती गोल असं नाही तर अशा किती प्रयत्नांमागे किती गोल, तर चांगल्या टीमसाठी लांब पासमालिकाच जास्त फळत होत्या. रीपबुवांची मेहनत खरी, वही खरी, फक्त भागाकार राहिला.

तेव्हा आपले आकडे काढताना दर वेळी विचारा, 'कितीपैकी?' लेफ्टकडून दहा हल्ले फसले, ठीक, पण लेफ्टकडून गेले किती?

प्रश्न : मी मुलांना रोज मैदानाच्या बारा फेऱ्या मारायला लावतो, तरी शेवटच्या पंधरा मिनिटांत दमतात. अजून वाढवू का?

वाढवू नका. एक मॅच घ्या, एका मिडफिल्डरवर कॅमेरा धरा, आणि हातात स्टॉपवॉच. जोरात पळाला की सुरू, थांबला की बंद. मोठ्या लेव्हलचा फुटबॉलपटू मॅचमध्ये साधारण १० ते १२ किलोमीटर जातो हे ऐकून फेऱ्या वाढवणारे खूप आहेत, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि रमतगमत पळणं असतं, खरा स्प्रिंट दोन ते चार सेकंदांचा आणि मग थांबा, वळा, मागे या, पुन्हा स्प्रिंट. तुमची मुलं एकाच वेगाने फेऱ्या मारायला तयार झालीत, मॅचमध्ये तसं कुणी मागत नाही. तुमच्या घड्याळात जे येईल, किती सेकंद काम आणि किती सेकंद आराम, ते माप घेऊन चार विरुद्ध चारचे छोटे गेम लावा, बॉलसकट. शेवटच्या पंधरा मिनिटांचं माप वेगळं काढा, कधी कधी असं दिसतं की पोरं दमलेली नसतात, टीमचे दोन भाग पडलेले असतात आणि मधलं अंतर भरायला दोघंच पळत असतात. ते फेऱ्यांनी कसं बरं होणार.

प्रश्न : मॅच चालू असताना बाहेरून माहिती द्यावी का? आमचा अ‍ॅनालिस्ट सारखा चिठ्ठ्या पाठवतो.

कमी द्या. हा जुना वाद आहे. १९९९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपला बॉब वूल्मर साउथ आफ्रिकेचे कोच होते, भारताविरुद्धच्या मॅचला कॅप्टन हान्सी क्रोनिएच्या कानात इअरपीस होता, तो काढायला लावला आणि नंतर बंदीच आली. २०२० मध्ये साउथ आफ्रिकेतल्या टी-ट्वेंटीला इंग्लंडचे अ‍ॅनालिस्ट नेथन लीमन बाल्कनीत अक्षर-आकड्यांच्या पाट्या लावत होते, त्यावरही गदारोळ झाला, पण त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की त्या नुसत्या सूचना होत्या, घ्यायच्या की नाही ते कॅप्टन मॉर्गन ठरवणार.

आणि २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कप क्वार्टर फायनलची लेमनची चिठ्ठी तर माहितीच असेल. जर्मनी-अर्जेंटिना, पेनल्टी शूटआउट, गोलकीपर येन्स लेमन दर किकआधी मोज्यातून कागद काढून बघत होता, कोण कुठे मारतो ते लिहिलेलं. शेवटची किक घ्यायला कॅम्बियासो आला, त्याचं नाव कागदावर नव्हतंच. लेमनने तरी कागद काढला, निवांत बघितला, परत ठेवला, आणि किक अडवली. आता कॅम्बियासोला काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत.

तुमच्या अ‍ॅनालिस्टला सांगा, हाफटाइमला दोन गोष्टी, आणि दोन्ही लगेच बदलता येतील अशाच. 'त्यांचा राइट बॅक प्रत्येक वेळी वर जातो, मागे जागा आहे' चालेल. 'आपली पास अचूकता घसरली' हे ऐकून खेळाडूने करायचं काय?

प्रश्न : आमच्याकडे अ‍ॅनालिस्ट नाही, ठेवणं परवडणारही नाही. हे सगळं लिहिणार कोण?

ज्याचा घोटा मुरगळलाय तो. खरंच सांगतो, दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या खेळाडूइतका चांगला अ‍ॅनालिस्ट नाही, त्याला खेळ कळतो, टीमच्या खुणा कळतात आणि तो चिडून बसलेला असल्यामुळे बारकाईने बघतो. त्याला एकच कागद द्या, एकच प्रश्न द्या, आणि शक्य असेल तर बाकावर न बसवता थोडं उंचावर, मैदानाच्या मध्यरेषेसमोर बसवा. पेन्सिल द्या, पावसात पेनची शाई फुटते.